दोन्हीकडे सारखं

एखाद्या माणसावर मनसोक्त चिडायचं असेल, तर त्याने निदान थोडं तरी वाईट असावं. मधुभाऊ ढोबळ्यांनी ती सोयच ठेवली नव्हती. त्यामुळे त्यांच्यावरचा माझा सगळा राग घरी येऊन निघायचा, आणि तो ऐकून घ्यायला माझी बायको काही रिकामी बसलेली नव्हती. "माझ्या माहेरच्या माणसाले नावं ठेवाचे असन, तर पहिले भांडे लावा," असं ती म्हणायची. त्या दिवसांत आमच्या घरची भांडी जितकी वेळेवर जागेवर गेली, तितकी पुढे कधी गेली नाहीत.

मधुभाऊ हे माझ्या सासऱ्यांच्या दुकानाचे मॅनेजर. पाण्याच्या मोटारी, पाइप, ठिबकचं सामान असा धंदा. सुरुवात उमरेडला झाली, मग नागपुरात सक्करदऱ्याला दुसरं ऑफिस निघालं. सासरे थकले तेव्हा थोरला मेहुणा प्रकाश सक्करदरा बघू लागला आणि धाकटा सुनील उमरेड. फर्म एकच राहिली. मधुभाऊ सासऱ्यांना 'मालक' म्हणत. शेवटच्या आजारपणात त्यांनी मधुभाऊंचा हात धरून सांगितलं होतं, "पोट्ट्याईले वेगळं होऊ देऊ नोको, मधू. कोणाले कमी वाटलं नाही पाहिजे."

आता हे कोणताही मरणारा बाप सांगतो. ऐकणारा मान डोलावतो, डोळे पुसतो आणि जमेल तेवढं करतो. मधुभाऊंनी ते शब्दशः घेतलं.

सक्करदऱ्याच्या ऑफिसात नवा पंखा लागला की दुसऱ्या दिवशी मधुभाऊ त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा पंखा मांडीवर घेऊन उमरेडच्या एसटीत बसलेले दिसत. दोन्हीकडे एकच कॅलेंडर, आणि तेही त्याच दिशेच्या भिंतीवर. एकदा नागपूरला मोठी लोखंडी आलमारी घेतली. तशीच उमरेडला पाठवली, तर ती दारातून आत जाईना. कोणीही शहाण्याने लहान आलमारी घेतली असती. मधुभाऊंनी गवंडी बोलावून दार तोडलं. आलमारी आत गेली आणि सुनील महिनाभर फळी लावून दुकान बंद करत राहिला.

खिशाला दोन पेनं असायची, एक नागपूरचं, एक उमरेडचं. उमरेडच्या पावतीवर नागपूरच्या पेनाने सही करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांची राहायची खोली सक्करदऱ्यालाच होती, बायको-मुलं गावी, खाप्याला. पण सोमवार नागपूर, मंगळवार उमरेड, बुधवार नागपूर, असा त्यांचा आठवडा ठरलेला. प्रकाशला त्यांनी कशाबद्दल शाबासकी दिली की हात लगेच फोनकडे जायचा. "सुनीलभाऊ, तुमचंही बरं चाललं आहे बरं का!" पलीकडे सुनील बिचारा विचार करत बसायचा, की आपण नेमकं काय केलं.

दोघा भावांत भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. सासऱ्यांच्या तेरवीनंतर ते कशावरून थांबलं, हे दोघांनाही नीट सांगता येत नसे. प्रकाश म्हणायचा, "त्याले सांगा, माल मोजून पाठव म्हणा, मागच्यासारखी भानगड नोको." हे वाक्य मधुभाऊंबरोबर एसटीत बसायचं, वाटेत धुऊन-पुसून निघायचं आणि उमरेडला उतरताना म्हणायचं, "दादांनी आठवण काढली, अन् म्हणे तुमच्याकडून माल मोजूनच येते म्हणून काळजी नाही." परतीच्या वाटेवर सुनीलच्या निरोपाचीही अशीच आंघोळ व्हायची. तक्रार केली तरी पोहोचत नाही आणि कौतुक न करताच पोहोचतं, अशा व्यवस्थेत धंदा किती दिवस चालणार?

शेवटी प्रकाशने जाहीर केलं. दोन्ही गोदामांचा माल एकाच पडद्यावर दिसला पाहिजे. गिऱ्हाईक इथे मोटार मागतं, ती उमरेडला पडून असते आणि कळतं दोन दिवसांनी. रब्बीचा हंगाम लागायच्या आत दोन्ही ऑफिसांचे कॉम्प्युटर जोडा. नाही जमलं तर उमरेडचा हिशेब वेगळा, फर्म वेगळी, पाटीही वेगळी. हे वाक्य मात्र मधुभाऊंना धुता आलं नाही. ते तसंच घेऊन ते थेट आमच्या घरी आले.

"जावईबापू, तुम्हीच वाचवू शकता."

माझी कॉम्प्युटरमधली कीर्ती अशी, की सासूबाईंच्या टीव्हीला वाय-फाय लागत नव्हतं ते मी एकदा बंद करून पुन्हा चालू केलं होतं. सरकारी कचेरीतला कारकून मी. मला राउटर म्हणजे दिवे लुकलुकणारी डबी, यापलीकडे काही माहीत नव्हतं. पण सासरच्या माणसांसमोर 'मला येत नाही' म्हणायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात लग्नाच्या दिवसापासून नाही. मी परागला बोलावलं.

पराग हा नेटवर्कची कामं घेणारा तिशीतला माणूस, अतिशय नम्र. पहिल्या दिवशी तो मधुभाऊंना वाकून नमस्कार करून "काका" म्हणाला. शेवटी तो त्यांना लांबूनच हात जोडू लागला होता.

त्याने समजावून सांगितलं ते मलाही समजलं, म्हणजे सोपंच असणार. दोन्ही ऑफिसांत एकेक राउटर बसवायचा. इंटरनेटच्या आतून दोघांच्या मध्ये एक बंद वाट काढायची, बोगद्यासारखी. मग प्रत्येक राउटरला सांगून ठेवायचं, की पलीकडच्या ऑफिसचं काही आलं तर ते या बोगद्यातून पाठव.

"झालं?" मधुभाऊंनी विचारलं.

"झालं, काका. एका दिवसाचं काम आहे."

दिवसभर खपून परागने सक्करदऱ्याचा राउटर लावला आणि चहा प्यायला बाहेर गेला. तेवढ्यात ऑफिस बंद करायची वेळ झाली. मधुभाऊंनी देवाला उदबत्ती लावली, एक राउटरलाही लावली आणि मेन स्विच खाली ओढला. पराग परत आला तर अंधार.

"काका! सेव्ह करायचं राहिलं होतं!"

"मग करा ना गा उद्या. करंट रातभर कायले जाळाचा?"

सकाळी राउटर कोरा. सगळं पहिल्यापासून. मी मेन स्विचवर कागद चिकटवला: 'बंद करू नये'. मधुभाऊंनी तसाच कागद उमरेडच्या मेन स्विचवरही चिकटवला आणि संध्याकाळी दोन्ही मेन स्विच बंद झाले. उमरेडचा त्यांनी फोन करून बंद करवला. का, तर इकडचा बंद आहे.

तरी कशीबशी जोडणी झाली. परागच्या लॅपटॉपवर हिरवी रेघ आली. नागपुरातून उमरेडच्या प्रिंटरवर एक पावती काढून पाहायची ठरली. प्रकाश खुर्ची ओढून पुढे बसला, सुनील उमरेडला प्रिंटरजवळ, मधुभाऊ फोन कानाला लावून मध्ये. परागने बटण दाबलं. घरघर झाली, कागद बाहेर आला. तो आमच्याच टेबलावरच्या प्रिंटरमधून.

"काही नाही आलं इकडं," फोनवर सुनील.

"आला ना गा, सुनीलभाऊ! हा काय माझ्या हातात!" मधुभाऊ आनंदाने ओरडले.

परागने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा आमच्याकडेच. पाच-सहा पावत्या निघाल्यावर त्याने मान वर केली आणि त्या प्रिंटरवरची छोटी पांढरी चिठ्ठी पाहिली. मग कॉम्प्युटरवरची. मग बिलाच्या मशीनवरची.

"हे नंबर कोणी दिले?"

"मी," मधुभाऊ अभिमानाने म्हणाले. "मागे मशीनी आणल्या तेव्हा त्या कंपनीच्या पोट्ट्याच्या मागं बसून एकेकीले नंबर देवाले लावला. जे इथं, तेच तिथं. इथल्या प्रिंटरले जो नंबर, तोच उमरेडच्या प्रिंटरले. दोन्हीकडे सारखं."

परागने डोळे मिटले. मग त्याने आम्हाला सांगितलं, की प्रत्येक मशीनला एक पत्ता असतो. त्या पत्त्यातला शेवटचा आकडा मशीनचा आणि त्याच्या आधीचा ऑफिसचा. इथे दोन्ही ऑफिसांचा आकडा एक. नागपूरच्या राउटरकडे उमरेडचा प्रिंटर मागितला की तो पत्ता वाचतो, म्हणतो हा तर आपल्याच घरातला, आणि कागद इथेच देतो. बोगद्याकडे बघतसुद्धा नाही. उमरेडकडूनही तेच होणार.

"काका, एका गावात दोन घरांचा एकच नंबर असला, तर पोस्टमन काय करेल?"

"आमच्या खाप्याले पोस्टमन सगळ्याईले तोंडानं ओळखते," मधुभाऊ म्हणाले.

"राउटर तोंडानं नाही ओळखत, काका! एका ऑफिसचा नंबर बदलावा लागेल. एक ऑफिस राहील एक, दुसरं होईल दोन. बस."

पावत्यांचे कागद मधुभाऊंनी नीट एकावर एक रचले, टेबलावर ठेवले आणि विचारलं, "दोन कोण?"

"कोणीही."

"कोणीही कसं? दोन म्हणजे दोन."

"नुसता आकडा आहे हो, काका!"

"मग तुमचं बिल एक रुपया करू का? नुसता आकडा आहे." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी दोघाईले विचारतो. हळूच विचारा लागन."

इथून पुढचे दिवस आठवले की आजही मला भांडी लावावीशी वाटतात. पराग रोज सकाळी फोन करायचा, मी मधुभाऊंना करायचो. "विचारून राहिलो." दुसऱ्या दिवशी, "दादा मोठे आहेत, त्याईले कसं म्हणता दोन व्हा म्हणून?" तिसऱ्या दिवशी, "सुनीलभाऊचं म्हणणं बी खोटं नाही, दुकान सुरू तं उमरेडहूनच झालं." चिठ्ठ्या टाका म्हटलं तर, "एकाची तरी चिठ्ठी निघनच ना!" एकाला एकशे एक आणि दुसऱ्याला एकशे दोन द्या म्हटलं तर, "मोजता तं मलेही येते, जावईबापू." वैतागून परागने एक आडवाट सुचवली. घरात दोघांचाही नंबर एकच ठेवायचा आणि राउटरने फक्त एकमेकांसाठी त्यांना वेगळी खोटी नावं द्यायची. यावर मधुभाऊ फार वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "हे तं मी आत्ताही करूनच राहिलो. यानंच तं घोळ झाला." परागला काही कळलं नाही. मला एसटीत धुतले जाणारे निरोप आठवले आणि कळलं, पण माझा पारा इतका चढलेला होता, की कळल्याचं मी कोणाला कळू दिलं नाही.

हंगाम तोंडावर आला. प्रकाशने वेगळ्या फर्मसाठी वकिलाची वेळ घेतल्याचं बायकोकडून समजलं. तेव्हा मी जावयाने सहसा करू नये ते केलं. दोन्ही मेहुण्यांना स्वतः फोन करून एकत्र बोलावलं. मधुभाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. भेट ना नागपूरला, ना उमरेडला. दोघांनाही सारखंच यावं लागेल अशी जागा पाहिजे.

उमरेड रोडवर, किलोमीटरचे दगड वाचत मधुभाऊंनी काढलेल्या अर्ध्या वाटेवर, एक ढाबा होता. म्हणजे असावा, अशी आमची अपेक्षा. नेमक्या अर्ध्यावर काहीच नव्हतं, एक बाभूळ होती. ढाबा थोडा उमरेडकडे होता, आणि मधुभाऊंना तिथपर्यंत सरकवायला मला सुनीलची गाडी जुनी असल्याचा मुद्दा मांडावा लागला.

ऑक्टोबरचं ऊन. बाजेवर एका टोकाला प्रकाश, दुसऱ्या टोकाला सुनील, समोर खुर्चीवर मधुभाऊ. पराग लॅपटॉप पोटाशी धरून. सुरुवात मीच केली. म्हटलं, "हा दोन नंबरचा प्रश्न एकदाचा मिटवा. तुमचा दोघांचा जो काही आग्रह आहे, तो समोरासमोर बोला."

"कोणता दोन नंबर?" प्रकाश म्हणाला.

"कायचा आग्रह?" सुनील म्हणाला.

मी मधुभाऊंकडे पाहिलं. ते कांद्याच्या चकत्या मोजत होते.

"मधुभाऊ, तुम्ही विचारलं ना दोघांना?"

"विचारणारच होतो," मधुभाऊ म्हणाले. "मले वाटलं, मनाले लागन कोणाच्या तरी."

परागने लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि तो जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

मी सगळं सांगितलं. सुनील ऐकत होता आणि त्याचा चेहरा लाल होत होता. "एवढ्यासाठी काम अडलं? मले दोन द्या, बावीस द्या, भोपळा द्या! मले फक्त कागद छापून पाहिजे! मधुभाऊ, त्या आलमारीसाठी माझं दार तोडलं, तेव्हा तरी विचारलं का मले?"

"अन् मले?" प्रकाश उसळला. "मागच्या उन्हाळ्यात माझ्या केबिनचा कूलर काढून ठेवला. काहून? तर उमरेडचा बिघडला म्हून!"

"काय म्हणता? तो बिघडला नव्हताच, दादा, मी बंद ठेवला होता. सर्दी झाली होती मले!"

"घ्या! अन् मी इकडं महिनाभर घामानं भिजून राहिलो!"

"तू फोन का नाही केला?"

"तू काहून नाही केला?"

इथे दोघेही थांबले. बोलायला सुरुवात केली तेव्हा ते मधुभाऊंशी बोलत होते. मध्येच कुठेतरी एकमेकांशी बोलू लागले होते आणि ते आता दोघांच्याही लक्षात आलं होतं. प्रकाशने भाकरीचा तुकडा मोडला. सुनीलने रस्सा त्याच्याकडे सरकवला.

मधुभाऊंचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. इतकी वर्षं तोलून धरलेला तराजू, आणि गिऱ्हाईक म्हणतं आम्हाला वजन करायचंच नव्हतं. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल. ते उठले नाहीत. हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाले, "बरं. मग उमरेड दोन. अन् नागपूर तीन."

"काका," पराग रडवेला झाला, "नागपूरला हात लावायची गरजच नाही. ते राहू द्या ना एक!"

"नाही गा. एक मालकाचा. तो रिकामा राहू द्या."

प्रकाश खाली बघत म्हणाला, "करा तीन." परागने माझ्याकडे पाहिलं. एका ऑफिसऐवजी दोन्ही ऑफिसांतल्या एकूण एक मशीनचा नंबर त्याला पुन्हा बसून बदलावा लागणार होता. मी भाकरीकडे पाहिलं.

मशीनींचे नंबर बदलले. तरी पहिल्या दिवशी गाडी अडलीच. नागपूरहून निरोप जायचा, उमरेडहून उत्तर यायचं नाही. परागने डोकं धरलं. मधुभाऊंनी विचारलं, "वाट कोणाले सांगितली?"

"नागपूरच्या राउटरला."

"एकालेच? परत यायची वाट उमरेडले कोण सांगन? दोन्हीकडे सांगा लागते ना गा!"

ते खरं निघालं. मधुभाऊंवर चिडायची हीदेखील एक अडचण होती. साऱ्या जन्मात जे चुकीच्या जागी लावलं, ते कधीतरी बरोबर जागीही जाऊन बसायचं, आणि मग घरी जाऊन बायकोला काय सांगायचं?

पावती या वेळी उमरेडला निघाली. सुनीलने फोन केला तो प्रकाशला. "दादा, आला कागद." वकिलाकडे कोणी गेलं नाही.

हंगाम संपताना प्रकाश मधुभाऊंना म्हणाला, "आता दिवसाआड एसटीचे धक्के कायले? सगळं इथून दिसते. एका जागी बसा. तुम्हाले पाहिजे ते ऑफिस निवडा."

तो त्यांना आराम देत होता. मधुभाऊ चार दिवस विचार करत राहिले आणि मग मला म्हणाले, "एक निवडलं तं दुसऱ्याले काय वाटन?" महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं आणि खाप्याला घरी जायचं ठरवलं. हारतुरे नकोत म्हणाले. कारण सरळ होतं. हार नागपूरला घातला, तर उमरेडलाही घालायला जावं लागलं असतं.

मी त्यांना पोहोचवायला म्हणून दुपारी सक्करदऱ्याला गेलो, तर ते बाहेर पायरीवर बसलेले. बाजूला कापडी पिशवी, एक वळकटी. आत प्रकाशचा आवाज चढलेला. पडद्यावर उमरेडच्या गोदामात पाइपांची बंडलं दिसत होती आणि सुनील ती नाहीतच म्हणत होता. फोन स्पीकरवर असावा, कारण सुनीलही तितकाच स्पष्ट ऐकू येत होता. "दादा, मले चोर म्हणून राहिला का तू?" "चोर नाही, आळशी म्हणून राहिलो! उठून पाह्य ना जरा मागच्या बाजूले!"

"मधुभाऊ," मी घाबरून म्हटलं, "भांडून राहिले ना दोघं! आत जा, फोन घ्या तुम्ही."

त्यांनी मला हाताने खाली बसवलं. मान थोडी तिरपी, एक कान दाराकडे. आत दोघं भाऊ एकमेकांची अक्कल काढत होते, लहानपणीचं काहीतरी उकरत होते, आणि मध्येच प्रकाश हसल्यासारखा वाटला, मग पुन्हा ओरडला.

ऑटो आली. मी पिशवी आणि वळकटी आत ठेवली. मधुभाऊ बसले. आत जाऊन निरोप घ्यायचं मी सुचवलं, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ऑटोवाल्याने इंजिन सुरू केलं, तसा मधुभाऊंनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद कर गा थोडं," ते म्हणाले. "ऐकू येऊन नाही राहिलं."